चढावर एसीची हवा काचेकडे पळते: व्हॅक्यूमची गळती शोधायची कशी?

झडपमास्तर

गाडी चढाला लागली किंवा ओव्हरटेकसाठी पाय दाबला की समोरच्या जाळीतून येणारी गार हवा मंदावते आणि काचेच्या तळातून यायला लागते. पाय उचलला की दोन-चार सेकंदांत परत समोर. ब्लोअरचा आवाज तोच, कॉम्प्रेसर चालू, गारवाही तोच. बदलते ती फक्त हवेची वाट. अशा वेळी गॅस भरणं, कूलिंग कॉइल धुणं, ब्लोअर बदलणं हे सगळं वाया जातं.

ज्या गाड्यांत हवेच्या झडपा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (इंजिन हवा आत ओढतं तेव्हा तयार होणारा कमी दाब) हलतात, त्यांच्यासाठी हा धागा. १९८० आणि ९०च्या दशकांतल्या फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लरच्या बऱ्याच गाड्या, जीप चेरोकी एक्सजे आणि रँगलर टीजे, मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३, डब्ल्यू१२४, डब्ल्यू१२६, व्होल्वो २४० या सगळ्या त्यात येतात.

व्हॅक्यूमची वाट अशी: इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ), मग चेक व्हॉल्व्ह (हवा फक्त इंजिनाकडे जाऊ देणारा, उलटी येऊ न देणारा), मग टाकी (व्हॅक्यूमचा साठा, प्लास्टिकचा गोळा किंवा डबा), मग फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत) आत, मग मोडच्या (हवा कुठे जावी ते निवडायच्या) बटणामागचा स्विच, आणि तिथून बारीक रंगीत नळ्यांनी प्रत्येक झडपेच्या डायाफ्रामपर्यंत. डायाफ्राम म्हणजे स्प्रिंग बसवलेला रबरी पडदा. व्हॅक्यूम आला की दांडी आत ओढली जाते, गेला की स्प्रिंग तिला परत ढकलते.

स्प्रिंगा मुद्दामच अशा बसवलेल्या असतात की व्हॅक्यूम पूर्ण गेला तर हवा काचेकडे जावी, काही गाड्यांत काच आणि पाय दोन्हीकडे. समोरची काच धुक्याने भरण्यापेक्षा तोंडावर गार हवा न येणं परवडतं. म्हणून "हवा काचेकडेच येते" याचा अर्थ "काचेची झडप अडकली" असा घेऊ नका. दुसऱ्या कुठल्या तरी झडपेला ओढायला ताकद उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझं म्हणणं एकच आहे. डॅशबोर्डाला पाना लावण्याआधी गेज लावा. टाकी आणि स्विच यांच्या मधल्या नळीत टी-जोड घालून त्यावर गेज बसवला की निम्मं निदान सीटवर बसून होतं.

पानापक्कड

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत झडपा छोट्या इलेक्ट्रिक मोटरवर चालतात, तिथे यातलं काहीच लागू नाही. ओळखायचं कसं?

मोटर असेल तर मोड बदलताना बारीक गुरगुर ऐकू येते. गिअरचे दात तुटले असतील तर डॅशबोर्डातून टक-टक-टक. आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याने मोटरच्या झडपेला काडीचाही फरक पडत नाही. व्हॅक्यूम असेल तर मोड बदलताना क्षणभर "फुस्स" होतं आणि एक सौम्य धप्प. सतत फुसफुस येत असेल तर गळती जवळच आहे.

अजून एक. तापमानाची झडप बऱ्याच गाड्यांत केबलवर किंवा मोटरवर असते, मोडच्या झडपा व्हॅक्यूमवर असल्या तरी. "हवा योग्य जागी येते पण गरमच येते" ही तक्रार वेगळी. ती इथे मिसळू नका.

झडपमास्तर

एक अपवाद जोडतो, कारण तो हमखास फसवतो. काही गाड्यांत हीटरच्या पाण्याचा व्हॉल्व्हसुद्धा व्हॅक्यूमवर असतो. मॅक्स एसीला (आतलीच हवा फिरवणारा सर्वांत गार मोड) व्हॅक्यूम त्या व्हॉल्व्हला बंद करतो आणि गरम कूलंट हीटरच्या कॉइलमध्ये जायचं थांबतं. ती नळी गळत असेल तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि एसी "कमी गार" वाटतो. गॅसचं प्रेशर बरोबर आणि तरी गारवा नाही, असं असेल तर मॅक्सवर ठेवून हीटरच्या दोन्ही होज हाताने चाचपा, चटका बसणार नाही अशा बेताने. व्हॉल्व्हच्या पुढची होजही तेवढीच तापलेली असेल तर व्हॉल्व्ह बंद झालेला नाही.

घाटवाट

गेजवर किती यायला हवं? आणि टी-जोड नेमका कुठे?

झडपमास्तर

आकडे पाऱ्याच्या इंचांत देतो, कारण बहुतेक गेज तेच दाखवतात. १ इंच म्हणजे २५.४ मिमी पारा, साधारण ३.४ किलोपास्कल.

पहिलं माप थेट मॅनिफोल्डवर, चेक व्हॉल्व्हच्या आधी. इंजिन पूर्ण तापलेलं, आयडलिंगला, एसी बंद. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन १७ ते २१ इंच देतं आणि काटा स्थिर असतो. उंचीवर दर ३०० मीटरला साधारण १ इंच वजा धरा. १५०० मीटरवर १४ आले तर घाबरू नका.

इथेच आकडा कमी असेल तर एसीकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी चिमटीत धरून बंद करा. काटा वर चढला तर गळती एसीच्या बाजूला. नाही चढला तर आधी इंजिनाकडे बघा: टायमिंग मागे गेलेलं, ईजीआर (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला, मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजिनाचे व्हॉल्व्ह. काटा एकसारखा फडफडत असेल तर इंजिनाच्या व्हॉल्व्हचा संशय जास्त.

दुसरं माप टाकीनंतर आणि स्विचच्या आधी. इंजिनाच्या बाजूला, फायरवॉलला नळी शिरते तिथे, टी घालणं सोपं. गेजची नळी लांब घ्या आणि खिडकीतून आत आणा, म्हणजे मोड फिरवताना काटा डोळ्यासमोर राहतो. बॉनेट पूर्ण बंद करू नका, नळी चिमटली की आकडा खोटा.

मग सगळे मोड एकेक करून लावा, प्रत्येकाला १५-२० सेकंद द्या आणि लिहून ठेवा. मोड बदलताना काटा दोन-तीन इंच खाली जाऊन परत वर येणं साहजिक आहे, डायाफ्रामातली हवा ओढली जात असते. खाली जाऊन तिथेच बसला तर त्या मोडच्या वाटेवर गळती आहे.

डिझेलप्रेमी

एक सापळा लिहून ठेवतो. बंद टोकाच्या नळीवर गेज लावला तर अर्धवट तुंबलेली नळीसुद्धा पूर्ण १८ दाखवते, कारण वहनच नाही. हळूहळू का होईना, आकडा पोहोचतोच. म्हणून नुसता आकडा बघू नका, तो किती वेळात भरतो तेही बघा. टी काढून नळी क्षणभर हवेत उघडी करा, परत जोडा आणि मोजा. टाकीच्या आकारावर वेळ अवलंबून असतो, पण अर्धा मिनिट उलटूनही काटा रेंगाळत असेल तर वाटेत कुठेतरी चिमटा आहे, किंवा क्रँककेसमधून (इंजिनाचा खालचा, तेलाचा भाग) आलेल्या तेलाचा गाळ. कडक थंडीत नळीतलं पाणी गोठूनही हेच होतं, आणि इंजिन तापल्यावर दोष गायब होतो.

घाटवाट

मापं घेतली. पेट्रोल, सहा सिलिंडर, मोडचा स्विच हाताने फिरवायचा, ऑटोमॅटिक कंट्रोल नाही.

मॅनिफोल्डवर: १८, स्थिर.
टाकीनंतर: ऑफ १८, काच १८, पाय १७.५, बायलेव्हल (समोर आणि पाय) ११, व्हेंट (समोर) ११, मॅक्स ११.

चेक व्हॉल्व्ह बदलायचा का? सगळीकडे तेच वाचायला मिळतं.

पानापक्कड

नाही. निदान अजून तरी नाही.

चेक व्हॉल्व्ह आणि टाकी तपासायची रीत सोपी आहे. मोड ऑफवर ठेवा, इंजिन बंद करा आणि काट्याकडे बघा. इंजिन थांबलं की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम लगेच शून्य होतो, तेव्हा पलीकडे जे टिकतं ते फक्त चेक व्हॉल्व्हच्या जिवावर. एका मिनिटात १ इंचापेक्षा कमी उतरला तर व्हॉल्व्ह, टाकी आणि फायरवॉलपर्यंतची नळी, तिन्ही ठीक. झपकन पडला तर तिघांपैकी एक. मग हातपंपाने (हाताने दाबून व्हॅक्यूम ओढणारा, गेज असलेला छोटा पंप) वेगळं करा.

व्हॉल्व्ह काढून तपासायचा असेल तर टाकीकडच्या तोंडाला हातपंप लावून ओढा, काटा चढून थांबला पाहिजे. उलटा करून इंजिनाकडच्या तोंडाला लावा, काटा चढताच कामा नये. नवा व्हॉल्व्ह उलटा बसवणारे खूप असतात आणि मग "नवीन टाकूनही काही फरक नाही" म्हणतात.

घाटवाट

ऑफवर इंजिन बंद केलं: ५ मिनिटांत १८ वरून १७. व्हेंटवर बंद केलं: साधारण ६ सेकंदांत शून्य.

झडपमास्तर

उत्तर त्यातच आहे. चेक व्हॉल्व्ह आणि टाकी चोख आहेत. चढावर हवा पळते ती चेक व्हॉल्व्ह खराब म्हणून नव्हे. व्हेंट मोडला गळती एवढी आहे की टाकीतला साठा सहा सेकंदांत संपतो. आयडलिंगला इंजिन गळतीपेक्षा जास्त ओढतं म्हणून ११ टिकतो आणि झडप कशीबशी धरली जाते. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी इंजिनाच्या हवेची झडप) पूर्ण उघडला की मॅनिफोल्ड शून्याकडे जातो, साठा संपतो, स्प्रिंग जिंकते. लक्षण हुबेहूब चेक व्हॉल्व्हचं, कारण वेगळं. या दोघांत घोळ होतो म्हणूनच इतके चांगले व्हॉल्व्ह कचऱ्यात जातात.

आता तुमचा तक्ता परत वाचा. बायलेव्हल, व्हेंट, मॅक्स या तिन्हींत समान काय? समोरच्या जाळीची झडप. मॅक्सला शिवाय आतली हवा फिरवणारी झडपही ओढली जाते. ती गळत असती तर मॅक्सचा आकडा व्हेंटपेक्षा खाली गेला असता. दोन्ही ११ म्हणजे ती निर्दोष. पाय आणि काच या वाटा जवळपास ठीक. तेव्हा जाळीच्या झडपेची नळी, तिचा डायाफ्राम, किंवा स्विचपासून त्या नळीपर्यंतचा जोड, एवढंच उरलं.

काही गाड्यांत जाळीच्या झडपेला दोन टप्प्यांचा डायाफ्राम असतो, त्याला दोन नळ्या. एकीला व्हॅक्यूम दिला की झडप अर्धी उघडते, दोन्हींना दिला की पूर्ण. तसा असेल तर दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासा.

शून्यदाब

मग पुढे हातपंप. कंट्रोलचं पॅनल सहसा तीन-चार स्क्रूवर बाहेर येतं, पूर्ण डॅशबोर्ड काढावा लागत नाही. मागे एकच बहुतोंडी कनेक्टर असतो, त्यात सगळ्या रंगीत नळ्या. काढण्याआधी फोटो घ्या आणि स्विचवरचे आकडे नळीच्या रंगांसमोर लिहा. रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा. इंटरनेटवरचा रंगांचा तक्ता आपल्या गाडीचाच आहे याची खात्री असल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

कनेक्टर ओढताना नळ्यांना धरू नका, रबरी ठोकळ्याला धरा. जुनी नळी काडीसारखी तुटते.

मग जाळीच्या नळीला हातपंपाने १५ इंच द्या. एक मिनिट थांबा. काटा हलू नये, आणि झडप फिरल्याचा धप्प आवाज यावा. दोन्ही झालं तर नळी आणि डायाफ्राम ठीक, दोष स्विचच्या बाजूला. काटा पडला तर डायाफ्रामापाशी नळी काढून टोक बंद करा आणि परत ओढा. आता टिकला तर डायाफ्राम फाटलेला. तरीही पडला तर नळी.

डिझेलप्रेमी

गळती शोधताना काय करू नये, तेही सांगतो.

कॉम्प्रेसरची हवा नळीत सोडू नका. हे पडदे ओढण्यासाठी बनवलेले आहेत, फुगवण्यासाठी नाहीत. एका फुंकरीत चांगलेही फाटतील. धुराचं यंत्र वापरायचं तर अर्ध्या पीएसआयच्या आसपास.

साबणाचं पाणी इथे कामाचं नाही. व्हॅक्यूम फेस बाहेर ढकलत नाही, आत ओढतो, आणि नळीत पाणी जातं ते वेगळंच.

कार्ब क्लीनर फवारून आयडलिंग बदलते का बघायची रीत मॅनिफोल्डच्या गॅस्केटसाठी लोक वापरतात. गरम एक्झॉस्टजवळ ती आगीला निमंत्रण आहे आणि डॅशबोर्डाखाली तर विषयच नको. आत बसून ऐकायचं असेल तर ब्लोअर बंद करून एक हातभर रबरी नळी कानाला लावा आणि दुसरं टोक जोडांवरून फिरवा. स्टेथोस्कोपचं काम तीच करते.

खटपट्या

माझा वेगळा मुद्दा: टाकी मोठी बसवली तर? दुप्पट आकाराचा डबा लावला की चढावर हवा टिकेल ना? डॅशबोर्ड उघडायचा त्रासच नको.

पानापक्कड

सहा सेकंदांचे बारा होतील. घाटाचा चढ बारा सेकंदांत संपतो का?

आणि ती गळती म्हणजे इंजिनात न मोजलेली हवा जाणं. मोठ्या इंजिनात जाणवणार नाही, कारण नळी ३-४ मिमीची. लहान इंजिनात आयडलिंग वर राहते, पी०१७१ किंवा व्ही इंजिनाला सोबत पी०१७४ असे, मिश्रणात इंधन कमी असल्याचे कोड येऊ शकतात. स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम (गाडीचा संगणक इंधनात करत असलेली वाढ-घट) बघा. आयडलिंगला +१५ टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ असेल तर ती व्हॅक्यूम गळतीची खूण. एसीची नळी चिमटून आयडलिंगचा ट्रिम खाली आला की चोर कुठल्या बाजूला आहे ते कळलं.

मोठी टाकी एकाच ठिकाणी योग्य: इंजिनाला मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा) बसवल्याने मुळातच व्हॅक्यूम कमी असेल तर. तिथे गळती नसून उत्पन्नच तोकडं असतं.

टर्बोवाला

टर्बो पेट्रोलसाठी एक भर. बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) आला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसून दाब असतो. चेक व्हॉल्व्ह कमजोर असेल तर तो दाब थेट नळ्यांत शिरतो, जोड निसटतात नाहीतर डायाफ्राम फुगून फाटतात. दोन-तीन डायाफ्राम एकाच वेळी गेलेले दिसले तर आधी चेक व्हॉल्व्ह बदला. नाहीतर नवेही तसेच जातील.

डिझेलप्रेमी

डिझेलची गोष्ट अजून निराळी. जुन्या डिझेलला सहसा थ्रॉटल नसतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये उपयोगाचा व्हॅक्यूम तयारच होत नाही. वेगळा पंप असतो, आणि चांगला पंप आयडलिंगला २० इंचांच्या वर नेतो. त्यामुळे चढावर हवा पळणं हे डिझेलचं लक्षण नव्हे. तिथे गळती झाली की मोड सगळीकडेच सुस्त होतात.

डब्ल्यू१२३ डिझेलमध्ये तर ब्रेकचा बूस्टर, दारांची लॉक, एसीच्या झडपा आणि इंजिन बंद करणारा व्हॉल्व्ह, सगळ्यांचा पुरवठा त्या एकाच पंपावर. तिथे एसीचा डायाफ्राम फाटला की "चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही" अशी तक्रार येऊ शकते. इंजिनावरचा स्टॉप लिहिलेला खटका दाबून बंद करावं लागतं. पाहणारा इंजेक्शन पंप उघडायला निघतो आणि दोष असतो डॅशबोर्डात. एकेक शाखेचं तोंड बंद करत जा. एसीची शाखा बंद केल्यावर इंजिन चावीने थांबायला लागलं की झालं.

डब्ल्यू१२४ मध्ये लॉकना स्वतंत्र इलेक्ट्रिक पंप आहे, तिथे लॉक आणि एसी यांचा संबंध जोडू नका.

निळाधूर

ऑटोमॅटिक कंट्रोल असलेल्या गाड्यांत स्विचच्या जागी सोलेनॉइडचा (विजेवर उघडमीट होणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हचा) ठोकळा असतो. तिथे तपासणी कशी बदलते?

झडपमास्तर

तत्त्व तेच, फक्त मध्ये वीज आली. सोलेनॉइडचा टक् आवाज आला म्हणजे तो उघडला असं नाही. पुरवठ्याच्या तोंडाला हातपंप लावा, एकेका सोलेनॉइडला वीज द्या आणि त्याच्या बाहेरच्या तोंडाला व्हॅक्यूम येतो का बघा. वीज काढल्यावर त्या तोंडातली हवा सुटलीही पाहिजे, नाहीतर झडप परत फिरणार नाही. कॉइलचा रोध माहीत नसेल तर शेजारच्यांशी तुलना करा. चार सारखे आणि पाचवा भलताच, म्हणजे पाचवा गेला.

फोर्डच्या क्राऊन व्हिक्टोरिया, ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाउन कारच्या ऑटोमॅटिक पॅनलमध्ये या सोलेनॉइडांच्या ओ-रिंगा उष्णतेने चपट्या आणि कडक होतात, आणि मग हवा काच-पाय सोडून कुठेच जात नाही. पॅनल बदलायची गरज नसते. रिंगा काढून मोजा, त्याच मापाच्या घ्या, सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात लावा आणि बसवा. मात्र पॅनल उघडताना सोलेनॉइडांच्या आतल्या स्प्रिंगा उडतात. खाली पांढरं कापड अंथरा.

घाटवाट

पॅनल बाहेर काढलं. जाळीच्या नळीला १५ इंच दिले, दीड मिनिट काटा हलला नाही, धप्प आवाजही आला. म्हणजे नळी आणि डायाफ्राम ठीक. स्विच बदलायचा ना?

शून्यदाब

अजून एक पायरी आहे. स्विच आणि कनेक्टर यांना वेगळं करा.

कनेक्टर काढलेला असताना पुरवठ्याची नळी छोट्या रबरी होजने थेट स्विचच्या पुरवठ्याच्या तोंडाला जोडा. बाकीच्या तोंडांवर रबरी टोप्या घाला. एकूणएक तोंडांवर नव्हे. काही स्विचना हवा सोडायचं एक उघडं तोंड असतं, ते मोकळंच राहू द्या. मोड काच किंवा ऑफ केल्यावर डायाफ्रामातली हवा तिथूनच सुटते. मग व्हेंटवर आणून गेज बघा. ११ आले तर स्विच आतून गळतो. १८ आले तर स्विच चांगला, दोष कनेक्टरच्या रबराचा.

आणि हातपंपाने कनेक्टर का पकडला जात नाही, तेही लक्षात घ्या. पंपाचं निमुळतं टोक भोकात दाबून बसतं, त्यामुळे सैल झालेलं भोकही घट्ट धरतं. स्विचचं तोंड बारीक आणि सरळ, तिथे तेच भोक गळतं. चाचणी पास, गाडी नापास.

घाटवाट

टोप्या घालून व्हेंटवर १८. कनेक्टर बघितला: जाळीच्या नळीच्या भोकाला कडेपासून उभी चीर आहे, आणि रबर नखाने दाबलं तर दबत नाही.

पानापक्कड

छान, डॅशबोर्ड वाचला.

कनेक्टर नळ्यांच्या तुकड्यासकट मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर ठोकळा सोडून द्या आणि प्रत्येक नळीला स्वतंत्र रबरी होजचा तुकडा घालून एकेका तोंडावर चढवा. कडक प्लास्टिकची नळी बाहेरून साधारण ३ मिमी असते, पण मोजूनच होज घ्या. होजचं आतलं माप नळीच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित कमी हवं, म्हणजे क्लॅम्प लागत नाही.

नळीचं टोक ब्लेडने काटकोनात कापा, चीर गेलेला भाग पूर्ण काढून टाका. रबर कोमट पाण्यात बुडवून चढवा, दोन्ही बाजूंना किमान २० मिमी आत जाऊ द्या. डिंक, सिलिकॉन सीलंट, इन्सुलेशन टेप यातलं काहीही नको. सीलंटचा ओघळ नळीत गेला की ती कायमची तुंबते, आणि टेप उन्हात डॅशबोर्ड तापला की सुटते.

एका वेळी एकच नळी काढा, तीच जोडा, मग पुढची. सगळ्या एकदम सोडल्या तर फोटो असूनही गोंधळ होतो.

डिझेलप्रेमी

इंजिनाच्या बाजूचं होज निवडताना तेलाचा विचार करा. ईपीडीएम आणि सिलिकॉन ही दोन्ही रबरं तेलात फुगतात आणि मऊ पडतात. क्रँककेसच्या नळीजवळून जाणार असेल तर नायट्राइल बरं. बॅटरीच्या ट्रेखालून जाणारी नळी असेल तर तीही बघा, अ‍ॅसिडचे थेंब प्लास्टिक खातात. आणि चेरोकी एक्सजेमध्ये टाकीचा गोळा पुढच्या बम्परच्या मागे असतो. बम्परला धक्का बसलेला असेल तर तो पहिला संशयित.

निळाधूर

आणि डायाफ्रामच फाटला असता तर?

शून्यदाब

मग तो बदलणं आलं. दोन स्क्रू किंवा फिरवून बसणारी खाच, दांडीला एक क्लिप. काम सोपं, पोहोचणं कठीण. पण नवा बसवण्याआधी झडप बोटाने फिरवून बघा. झडपेच्या कडेचा फोम जुना झाला की चिकट होतो आणि झडप अडकते. अडकलेल्या झडपेला रोज ओढूनच बरेच पडदे फाटतात. ती मोकळी न करता नवा डायाफ्राम लावला तर काही महिन्यांत हेच काम परत. पंक्चरच्या सोल्युशनने पडदा चिकटवणं ही सोय आहे, दुरुस्ती नव्हे. पडदा दुमडतो तिथेच तो फाटलेला असतो आणि ठिगळ तिथेच सुटतं.

भाग येईपर्यंत गाडी चालवायची असेल तर स्विचकडे जाणारी नळी काढून तोंड बंद करा. हवा काचेकडे राहील, ब्रेक आणि आयडलिंगला त्रास नाही. झडप तारेने बांधून समोर अडकवू नका, काच धूसर झाली तर हवा तिकडे वळवायला काहीच उरत नाही.

घाटवाट

सहा नळ्यांना होजचे तुकडे घातले. आता: ऑफ १८, काच १८, पाय १७.५, बायलेव्हल १८, व्हेंट १८, मॅक्स १८. व्हेंटवर इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटांत १८ वरून १७. इंजिन बंद ठेवून मोड फिरवला तर झडपा पाच वेळा पूर्ण हलल्या. पूर्ण थ्रॉटलला हवा समोरच.

पायाच्या मोडचे ते १७.५ मात्र तसेच आहेत. त्याच्या मागे लागायचं का?

झडपमास्तर

मोड पायावर ठेवून इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. शून्यावर यायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर सोडून द्या. एवढी गळती इंजिनाला कळत नाही आणि कुठल्याही चढावर झडप सुटणार नाही. अर्ध्या मिनिटात उतरला तर पायाच्या नळीला हातपंप लावून तीच पायरी करा. तिचा डायाफ्राम बहुतेक गाड्यांत पाय ठेवायच्या जागेवरून हाताला लागतो, डॅशबोर्डाला हात लावावा लागत नाही.

काहीही निघालं तरी आजचे सहा आकडे तारखेसकट कागदाच्या टेपवर लिहून पॅनलच्या मागच्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी १७.५ चे १६ झाले असतील तर कुठून सुरुवात करायची ते पॅनल उघडताक्षणी समोर असेल.